मदत हवी आहे: शिसं-शिसं बाँड एवढा लांब काहून?

नमस्कार दादा-ताई लोकहो, एमएस्सी दुसरं वर्ष, गाव यवतमाळ जिल्ह्यात, सोमवारी सेमिनार आहे अन मी एकाच जागी अडकलो राजेहो. रसायनशास्त्रज्ञ फिलिप पॉवर यांच्या ग्रुपनं २००० साली डायप्लंबाइन बनवलं, दोन शिसं अन दोन्हीकडे एकेक भलामोठा टरफेनिल (तीन बेंझिन रिंग जोडलेला) ग्रुप. फॉर्म्युला पाहिला तर अल्काइनसारखा (कार्बन-कार्बन ट्रिपल बाँडवाला), म्हणजे ट्रिपल बाँड पाहिजे ना? पण लांबी ३.१९ अँगस्ट्रॉम, अन हेक्झाफेनिलडायप्लंबेनमधला (दोन शिसं, सहा फेनिल) साधा सिंगल बाँड २.८४! उलटंच झालं ना बाप्पा.

शिसं-शिसं-कार्बन कोन ९४ अंशाच्या आसपास, म्हणून मी चिखलाचे गोळे अन पऱ्हाटीच्या काड्या घेऊन मॉडेल केलं, सरळ नाही, झेडसारखं वाकडं झालं (आई म्हणे हे काय खेळणं). इथपर्यंत समजलं की ६एस ऑर्बिटलमधली इलेक्ट्रॉनची जोडी शिशावरच बसून राहते अन बाँड नुसत्या ६पी ऑर्बिटलचा, म्हणून सिंगल. पण मग सिंगलपेक्षाही लांब काहून? बाँडमधे एस कॅरेक्टर (एस ऑर्बिटलचा वाटा) नाही म्हणून, का ते मोठे ग्रुप एकमेकाले ढकलतात म्हणून?

अन दुसरं, हे डायप्लंबाइन बनवतानी टरफेनिलवाल्या शिशाच्या ब्रोमाइडवर लिथियम अल्युमिनियम हायड्राइड टाकलं तं हायड्राइड मिळाले पाहिजे, मग शिसं-शिसं कसं जुळलं, हायड्रोजन गेला कुठं? कोणी मराठीत समजावून सांगा, व्हॉईस नोट चालते, रेंज रात्रीच येते.