मदत हवी आहे: झोपेतील प्राणवायूची नोंद ठेवणारे उपकरण

नमस्कार. वाळपईजवळ राहणाऱ्या माझ्या 71 वर्षांच्या वडिलांना फुप्फुसांचा जुना विकार असून, झोपेत रक्तातील प्राणवायू किती खाली जातो याची महिनाभराची नोंद डॉक्टरांनी मागितली आहे. बोटाचा ऑक्सिमीटर 660 नॅनोमीटरचा लाल आणि 940 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून आरपार सोडतो, तर मनगटी घड्याळ त्वचेतून परतलेला प्रकाश मोजते. एकाच वेळी घेतलेल्या दोन्ही आकड्यांत आमच्याकडे 3 ते 4 टक्क्यांचा फरक पडतो. हात ऊबदार ठेवणे, आधी पाच मिनिटे स्वस्थ बसणे, पट्टा नीट आवळणे, बॅटरी बदलणे हे सारे करून झाले. नेलपॉलिशचा तर प्रश्नच नाही. शिवाय बोटाचे उपकरण झोपेत निसटते. औषधोपचार चालू आहेत, त्याविषयी सल्ला नको. पावसाळ्यात घरी नेटवर्क बेभरवशाचे असल्यामुळे नोंदी उपकरणातच साठायला हव्यात, आणि खर्च सात हजारांपर्यंत झेपेल. घड्याळाचा आकडा अचूक नसला तरी त्यावरून रोजचा चढउतार विश्वासाने काढता येईल का, की आतच नोंद साठवणारे, मऊ रबरी टोपीचे बोटाचे उपकरणच घ्यावे, आणि तसे ते म्हापसा, फोंडा किंवा पणजीत कुणाला मिळाले आहे का?