ब्रेक्झिटवाल्यांचं चुकलं काय? माझ्या मते फारसं काही नाही

चौकस
२३ जून २०१६ ला ब्रिटननं ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडायचा कौल दिला. तेव्हापासून आपल्याकडे झाडून सगळे 'पायावर धोंडा मारून घेतला' हेच ऐकवतात. मला पटत नाही. प्रश्न निव्वळ पैशांचा नव्हताच. कायदे कोण करणार, आणि पटले नाहीत तर घरी कुणाला पाठवायचं, हा होता. सॅनिटरी पॅडवर तिकडे ५ टक्के व्हॅट होता. संघाच्या नियमात शून्य दर बसेना, म्हणून संसदेची इच्छा असून काढता येईना. संक्रमणकाळ (बाहेर पडल्यावरही संघाचे नियम पाळायची मुदत) संपला आणि १ जानेवारी २०२१ ला तो कर गेला. आपण जुलै २०१८ मध्ये याच वस्तूवरचा जीएसटी एका बैठकीत काढला. दिल्लीला त्यासाठी परदेशी परवानगी लागली असती तर चाललं असतं?

हिशेबनीस
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. ती बैठक जीएसटी परिषदेची होती. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. महाराष्ट्र एकटा दर बदलू शकत नाही. मग महाराष्ट्र गुलाम झाला का? जकात नाके गेले, ट्रक थांबेनासे झाले, त्याची ती किंमत आहे.

ब्रिटननं नाके परत उभे केले. वेल्समधल्या मेनाई सामुद्रधुनीतले शिंपले घ्या (आपल्या शिणाण्यांचे भाऊबंद). ते जिवंतच युरोपात जायचे आणि तिथल्या स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत शुद्ध व्हायचे. २०२१ पासून 'ब' वर्गाच्या, म्हणजे पूर्ण स्वच्छ नसलेल्या, पाण्यातला माल शुद्ध केल्याशिवाय घेत नाहीत, कारण संघाबाहेरच्या देशांना तोच नियम आहे. पाणी तेच, शिंपले तेच. शून्य आयातशुल्काचा करार असून धंदा बसला. तिथल्याच सरकारी अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज आहे की ब्रेक्झिटमुळे उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील.

चौकस
महाराष्ट्र राज्य आहे, राष्ट्र नाही. तुलना गैरलागू.

खवचट
पंजाबी, तमिळ आणि मराठी माणूस एका संघात नांदतो ते चालतं, फ्रेंच आणि इंग्रज नांदले की सार्वभौमत्व धोक्यात. बरं.

द्राक्षवाला
तात्त्विक चालू द्या. पूर्वी द्राक्षं रॉटरडॅमला जावोत की लंडनला, फवारणीच्या औषधांचा किती अंश मालात चालेल याची यादी एकच. आता ब्रिटनची वेगळी. मर्यादा बऱ्याचशा सारख्या असल्या तरी दोन्ही बघाव्या लागतात.

स्वराज्यवादी
हिशेबनीस, ४ टक्के हा 'न सोडता तर काय झालं असतं' याच्याशी तुलना करून काढलेला आकडा आहे, पगारातून कापलेला नव्हे. २०२५ मध्ये अमेरिकेनं ब्रिटनच्या बहुतेक मालावर १० टक्के आयातशुल्क लावलं, युरोपीय संघाच्या मालावर १५. आणि २४ जुलै २०२५ ला भारताशी जो व्यापार करार झाला तो संघात राहून एकट्यानं करताच आला नसता. स्कॉच व्हिस्कीवरचं आपलं १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलं. हेच तर हवं होतं.

लेस्टरकर
इथे ब्रिटनमध्ये राहतो म्हणून लिहितो. व्हिस्की ठीक, पण ती स्कॉटलंडची, आणि स्कॉटलंडनं ६२ टक्क्यांनी 'राहू या' म्हटलं होतं. उत्तर आयर्लंडचं तर कुणी नावच काढलं नाही. ते ब्रिटनच्याच राज्यात, पण हद्द संघातल्या आयर्लंडला लागून. तिथे जमिनीवर तपासणीची सीमा नको म्हणून ती समुद्रात, ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडच्या मधे नेली. स्वतःच्याच देशात माल पाठवायला कागदपत्रं! संघाशी झालेल्या २०२३ च्या विंडसर करारानं त्रास कमी झाला, संपला नाही. आणि मे २०२५ मध्ये संघाशी काय ठरलं? अन्नपदार्थांच्या तपासण्या टाळायच्या तर युरोपचे नियम जसे बदलतील तसे इथेही बदलायचे. ते ठरवताना मत मात्र नाही. युरोपच्या बोटींना मासेमारी २०३८ पर्यंत. चौकस, यात कुणाला घरी पाठवायचं?

स्वराज्यवादी
ते स्टार्मर सरकारनं केलं, आणि त्याला मतदार घरी पाठवू शकतात. संघात राहून ब्रसेल्सला, म्हणजे संघाच्या मुख्यालयातल्या कारभाऱ्यांना, घरी पाठवता येत नव्हतं. बाहेर राहून स्वित्झर्लंडचं उत्तम चाललंय की.

हिशेबनीस
स्वित्झर्लंड युरोपियनांना मुक्त ये-जा देतं, वर संघाच्या निधीत पैसेही भरतं. २०१६ मध्ये हे चालणार होतं का कुणाला?

चौकस
मतपत्रिकेवर ते विचारलंच नव्हतं. राहायचं की सोडायचं, दोनच चौकोन होते.