मेरा शिखर: पहिल्याच हिमशिखरासाठी चौदा दिवसांचा कार्यक्रम पुरेसा आहे का?

प्रश्न

मी बेचाळीस वर्षांची असून गेली अनेक वर्षे सह्याद्रीत नियमित भटकंती करते. तीन वर्षांपूर्वी एव्हरेस्ट बेस कॅम्पचे, म्हणजे ५,३६४ मीटरपर्यंतचे पदभ्रमण मी पूर्ण केले आणि तेव्हा सौम्य डोकेदुखीपलीकडे मला काही त्रास झाला नव्हता. आता एखाद्या हिमशिखरावर प्रत्यक्ष चढाई करावी, अशी तीव्र इच्छा आहे. नेपाळमधील मेरा शिखर नवशिक्यांसाठी योग्य असल्याचे सगळीकडे वाचनात येते, परंतु मी आजवर पायांत क्रॅम्पॉन (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटांखाली बांधायचे धातूचे दाते) घातलेले नाहीत, आइस ॲक्स हातात धरलेली नाही आणि जुमार, म्हणजे फक्त वरच्या दिशेने सरकणारी पकड, दोरावर कसा सरकवतात हेही केवळ चित्रफितींत पाहिले आहे.

माझ्यासमोर दोन कार्यक्रम आहेत. पहिला काठमांडू ते काठमांडू चौदा दिवसांचा असून त्यात लुक्ला या विमानतळाच्या गावाहून थेट झत्रवा ला ही खिंड ओलांडून मेराच्या पायथ्याच्या हिंकू खोऱ्यात उतरतात. दुसरा अठरा दिवसांचा असून तो दक्षिणेकडून पांगोमच्या वाटेने वळसा घालून जातो. दुसऱ्याचा खर्च अर्थातच जास्त आहे आणि रजाही जास्त लागेल. दोन्हींत शिखराखालच्या खारे या मुक्कामी एक दिवस बर्फावरील प्रशिक्षण आहे. माझ्यासारखीला एका दिवसाचे प्रशिक्षण पुरेल का, आणि चार दिवसांच्या फरकाला खरोखर किती महत्त्व द्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

मी मेराच्या मध्य शिखरावर जाऊन आलो आहे, त्यामुळे तंत्राविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. एका दिवसाचे प्रशिक्षण पुरते, मात्र तो दिवस मनापासून घेतला गेला पाहिजे. मेराचा हिमनदीवरचा उतार बहुतांश सौम्य आहे. मेरा ला ही खिंड ओलांडल्यापासून शिखराच्या पायथ्यापर्यंत आपण चढतो कमी आणि चालतो जास्त, फक्त ते चालणे क्रॅम्पॉन घालून, एका दोराने एकमेकांना बांधून घेऊन आणि हिमभेगांचे भान ठेवून करायचे असते. खरी तीव्र चढण शेवटी शिखराच्या घुमटावर लागते. तिथे मार्गदर्शक दोर बांधतात आणि त्या थोड्या अंतरापुरता जुमार वापरावा लागतो. खाऱ्यातल्या प्रशिक्षणात जुमार वर सरकवण्याइतकाच सराव दोरावरून खाली उतरण्याचाही करून घ्या, आणि तोही जाड हातमोजे घालून. उघड्या हातांनी सहज जमणारी कॅराबिनरची (दोरात अडकवायच्या धातूच्या कडीची) उघडझाप पहाटेच्या थंडीत जाड मोज्यांनी जमेलच असे नाही, हे मला त्या घुमटाखाली उभे राहिल्यावर कळले.

आणखी एक गोष्ट जाहिराती वाचताना लक्षात ठेवावी. मेराला एकाहून अधिक माथे आहेत. जाहिरातीत छापलेली ६,४७६ मीटर ही उंची उत्तर शिखराची आहे, तर बहुतेक मार्गदर्शित गट ६,४६१ मीटरच्या मध्य शिखरावर जातात. जुन्या माहितीपत्रकांत ६,६५४ मीटर असा आकडा दिसतो, तो चुकीचा आहे. पंधरा मीटरच्या फरकाने आपल्या आनंदात काही उणे पडत नाही, पण आपण नेमके कुठे जाणार आहोत हे आयोजकाने आधीच स्पष्ट सांगावे, असे मला वाटते. याच मध्य शिखरावर २० मे १९५३ रोजी जिमी रॉबर्ट्स आणि सेन तेनझिंग हे दोघे सर्वप्रथम पोहोचले. पुढे नेपाळमध्ये मार्गदर्शित पदभ्रमणाचा व्यवसाय सुरू करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते हेच रॉबर्ट्स.

शिखराच्या दिवसाविषयी थोडे सांगतो. वरचा तळ सुमारे ५,८०० मीटरवर, एका खडकाच्या आडोशाला आहे. तिथून रात्री दोनच्या सुमारास निघतात आणि साडेसहाशे मीटरहून अधिक उंची गाठायला पाच ते सात तास लागतात. मग त्याच दिवशी खाऱ्यापर्यंत, म्हणजे जवळपास दीड हजार मीटर खाली उतरायचे असते. त्यामुळे माथ्यावर पोहोचणे हा त्या दिवसाचा निम्माच भाग समजावा. सूर्योदयानंतर एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू, चो ओयू आणि हवा स्वच्छ असेल तर दूर पूर्वेला कांचनजुंगा अशी आठ हजार मीटरवरची पाच शिखरे एका जागेवरून दिसतात. मी तिथे जेमतेम वीस मिनिटे होतो, पण ती वीस मिनिटे मला आजही तपशिलासह आठवतात.

दुसरा प्रतिसाद

मी डॉक्टर असून उंचीवरील दोन मोहिमांबरोबर वैद्यकीय जबाबदारी सांभाळली आहे. वरील प्रतिसादातील तंत्राविषयीचे म्हणणे मला मान्य आहे; मात्र ‘नवशिक्यांसाठी योग्य’ हे विशेषण केवळ तंत्राला लागू पडते, उंचीला नाही. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो आणि मेराच्या माथ्यावर तो त्याहूनही कमी असतो. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण तेवढेच राहिले तरी दाब घटल्यामुळे प्रत्येक श्वासात शरीराला मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. या बदलाशी जुळवून घ्यायला शरीराला दिवसच द्यावे लागतात; व्यायामाने कमावलेली ताकद त्या दिवसांची जागा घेऊ शकत नाही. उलट तंदुरुस्त माणूस वेगाने चढतो आणि म्हणूनच अधिक लवकर अडचणीत येऊ शकतो.

सर्वसाधारण नियम असा आहे की तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर वाढवावा. हा नियम आपल्या दोन कार्यक्रमांना लावून पाहा. लुक्ला सुमारे २,८५० मीटरवर आहे. झत्रवा ला सुमारे ४,६०० मीटरवर असून तिच्या पलीकडचा थुली खर्क येथील मुक्काम ४,३०० मीटरच्या आसपास होतो. म्हणजे चौदा दिवसांच्या कार्यक्रमात लुक्लाला उतरल्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्याच रात्री आपण त्या उंचीवर झोपणार. तिथून कोठे गावी ३,६०० मीटरपर्यंत उतरणे होते हे खरे, पण तोवर त्रास सुरू झालेला असू शकतो. पांगोमच्या वाटेने गेल्यास पहिले काही दिवस चढ-उतार पुष्कळ होतात, पाय दमतात, तरी मुक्काम तीन हजार मीटरच्या खालीच राहतात आणि शरीर कामाला लागते. त्यापुढे कोठेहून ४,३५० मीटरवरचे थाकनाक आणि तिथून सुमारे ५,००० मीटरवरचे खारे हे दोन्ही टप्पे पाचशे मीटरहून मोठे आहेत. या दोन्ही ठिकाणी किमान एकेक जादा रात्र असेल, तरच कार्यक्रम वैद्यकीयदृष्ट्या योग्य म्हणता येईल.

हिंकू खोऱ्याची एक भौगोलिक अडचण फारशी कोणी सांगत नाही. खाऱ्यात कोणी आजारी पडले तर त्याला कोठेपर्यंत खाली आणता येते, पण तिथून लुक्लाला परतायचे झाल्यास एकतर पुन्हा ४,६०० मीटरची खिंड चढावी लागते किंवा दक्षिणेचा अनेक दिवसांचा वळसा घ्यावा लागतो. हेलिकॉप्टर येऊ शकते, परंतु ते हवामानावर अवलंबून असते आणि ढग उतरले की दिवसभर वाट पाहावी लागते. म्हणून साडेसहा हजार मीटरपर्यंतच्या चढाईला आणि हेलिकॉप्टरने केलेल्या सुटकेला लागू होणारा विमा घ्या. प्रवासाच्या साध्या विम्यात उंचीची मर्यादा बरीच खाली असते.

लक्षणांबाबत स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे ही सौम्य लक्षणे आहेत. ती असताना वर जाऊ नये, तिथेच थांबावे. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता न येणे, बोलण्यात गोंधळ होणे, बसल्या जागी धाप लागणे किंवा खोकला सतत वाढत जाणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी, रात्र असली तरी, खाली निघावे. ॲसिटाझोलामाइड म्हणजेच डायमॉक्स हे प्रतिबंधासाठी उपयुक्त औषध आहे, परंतु सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये, आणि घाईने आखलेला कार्यक्रम त्या गोळीने सुरक्षित होतो असेही समजू नये. मागच्या वेळी आपल्याला त्रास झाला नाही ही चांगली गोष्ट आहे. तेव्हाच्या मुक्कामांपेक्षा या वेळचा वरचा तळ बराच उंच आहे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

तिसरा प्रतिसाद

ताई, मी चौदा दिवसांचाच कार्यक्रम निवडला होता आणि सुमारे ६,१०० मीटरवरून परत फिरलो, म्हणून माझा अनुभव आपल्या उपयोगी पडेल असे वाटते.

लुक्लाची धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब आणि चढाची आहे. तिथली विमाने सकाळच्या स्वच्छ हवेतच उतरतात, ढग आले की उड्डाणे रद्द होतात. गर्दीच्या हंगामात बरीच उड्डाणे काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातील मंथली येथून होतात आणि त्यासाठी मध्यरात्रीनंतर गाडीने निघावे लागते. आमचे दोन दिवस असेच गेले. कार्यक्रमात राखीव दिवस एकच होता, त्यामुळे उरलेला एक दिवस कुठून तरी भरून काढणे भाग होते आणि आमच्या आयोजकाने तो थाकनाकच्या विश्रांतीतून काढला. त्या वेळी कोणीही हरकत घेतली नाही, मीसुद्धा नाही, कारण सर्वांच्या डोळ्यांसमोर परतीचे विमान होते. खाऱ्यात पोहोचलो तेव्हा माझे डोके ठणकत होते. वरच्या तळावर एक घोट सूपही पोटात राहिले नाही, आणि तरी मी रात्री निघालो. पहाटे चारच्या सुमारास माझा तोल जात असल्याचे माझ्या शेर्पा मार्गदर्शकाच्या लक्षात आले. त्याने एकही कठोर शब्द न बोलता दोर वळवला आणि मला खाली आणले. तो निर्णय माझ्यावर सोपवला असता तर मी पुढे गेलो असतो, हे मला आज पूर्ण कळते.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना एक प्रश्न लेखी विचारा: लुक्लाला दोन दिवस अडकलो तर कार्यक्रमातला कोणता दिवस कापला जाईल? उत्तरात विश्रांतीचा दिवस किंवा हवामानासाठी राखलेला दिवस आला, तर तो कार्यक्रम अठरा दिवसांचा असला तरी घेऊ नका. त्याच पत्रात हेही विचारा की शिखराच्या रात्री किती जणांमागे एक चढाई मार्गदर्शक असेल. आमच्यात एकाला परतावे लागले तरी बाकीचे पुढे जाऊ शकले, कारण मार्गदर्शक दोन होते. एकच असता तर माझ्यामुळे सगळ्यांनाच उतरावे लागले असते, किंवा मला एकट्याला तिथे बसवून ठेवले गेले असते.

भारवाहकांविषयीही विचारावे, अशी माझी इच्छा आहे. मेरा ला ओलांडून सामान नेणाऱ्यांना योग्य बूट, गॉगल आणि उबदार कपडे मिळतात का, त्यांचा विमा आहे का आणि पाठीवरचे ओझे तीस किलोंच्या आत असते का, हे ग्राहकांनी विचारायला सुरुवात केली तरच त्यात फरक पडेल. आमच्यासोबतचा एक तरुण भारवाहक साध्या कापडी बुटांनी हिमनदीपर्यंत आला होता आणि ते मला फार उशिरा दिसले.

कोठे ते थाकनाक या वाटेवर नदीचे पात्र दगडधोंड्यांनी भरलेले दिसेल. ३ सप्टेंबर १९९८ रोजी वरचा साबाई त्शो हा हिमतलाव फुटून आलेल्या पुराची ती खूण आहे. घाई नसेल तर तिथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. आम्ही मात्र न थांबता पुढे गेलो होतो.

पहिल्या प्रतिसादकाची पुरवणी

वरील अनुभव वाचून एक गोष्ट जोडतो. डबल बूट (आत वेगळा उबदार बूट असलेले दुहेरी बूट) काठमांडूतील ठमेलमध्ये भाड्याने मिळतात आणि खाऱ्यातही काही सामान मिळते, पण बुटांसाठी खाऱ्यावर अवलंबून राहू नका. ठमेलमध्ये दोन मोजे घालून, उतारावर पाऊल टेकवून, अंगठा पुढे आपटत नाही ना हे पाहा आणि तिथेच स्वतःचे क्रॅम्पॉन त्या बुटावर बसवून घ्या. हंगामाचा विचार केला तर एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन्ही चांगले आहेत. शरद ऋतूत दृश्य अधिक स्वच्छ असते, वसंतात थंडी थोडी कमी असते. पहिल्या शिखरासाठी मी वसंत सुचवेन, कारण बोटे गारठल्यामुळे परतणारे बरेच असतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही आयोजकांना तो प्रश्न लेखी पाठवला होता. चौदा दिवसांच्या कार्यक्रमाचे उत्तर ‘परिस्थितीनुसार ठरवू’ असे आले. अठरा दिवसांच्या आयोजकांनी थाकनाकची जादा रात्र आणि खाऱ्यातील दोन रात्री कोणत्याही स्थितीत कापणार नाही, वेळ संपल्यास शिखराचा प्रयत्न सोडून देऊ, असे कळवले. दोन जणांमागे एक मार्गदर्शक असेल आणि भारवाहकांच्या विम्याची कागदपत्रे निघण्यापूर्वी दाखवू, असेही त्यात आहे. शिखर सोडून देण्याची तयारी त्यांनी आधीच बोलून दाखवली, हे वाचून मला उलट विश्वास वाटला. मी त्यांच्याकडे एप्रिल अखेरच्या तुकडीसाठी नाव नोंदवले असून काठमांडूत परतीच्या तिकिटाआधी तीन दिवस मोकळे ठेवले आहेत.

एक शंका राहिली आहे. शिखराच्या रात्री पिण्याचे पाणी गोठू नये म्हणून काय करावे?

तिसरा प्रतिसादक

नळीची पिशवी नेऊ नका, नळीतले पाणी पहिल्या तासातच गोठते. रुंद तोंडाच्या दोन बाटल्या गरम पाण्याने भरा, लोकरी मोज्यांत घाला आणि पाठपिशवीत उलट्या ठेवा. पाणी वरून गोठू लागते, त्यामुळे बाटली उलटी असली की बर्फ बुडाशी धरतो आणि झाकण मोकळे राहते. एक लहान थर्मास जॅकेटच्या आत ठेवा, तहान नसली तरी दर तासाला दोन घोट घ्या आणि बाटलीचे झाकण उघडण्याचा सरावही हातमोजे घालूनच करा.