शब्दचर्चा : पेशी, कोशिका आणि कांद्याचा पापुद्रा

इंदूरकर : आम्ही इंदूरचे मराठी. लेक तिकडे हिंदी माध्यमात शिकली, आता पुण्यात मराठी माध्यमात नववीला आहे. काल पुस्तक घेऊन भांडायलाच आली. म्हणे, "पेशी म्हणजे मसल ना? मग कांद्याच्या पापुद्र्यात पेशी कुठून आल्या?" हिंदीत सेलला कोशिका म्हणतात आणि पेशी म्हणजे आपला स्नायू. तर मूळ अर्थ कोणता?

कांदेनवमी : हिंदीतला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातल्या 500 पेशी मोजल्या आहेत, त्या म्हणजे स्नायूच. आणि तिथले 900 स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे दोर! बंगालीत तर स्नायू म्हणजे मज्जातंतू. आपण मसलला स्नायू म्हणू लागलो, पेशी मोकळी झाली आणि सेलच्या वाट्याला आली, असा माझा आपला कयास.

इंदूरकर : म्हणजे आपणच चुकलो? कोशिकाच घ्यायला हवा होता?

कांदेनवमी : छे हो. रॉबर्ट हुकने 1665 साली बुचाचा काप भिंगाखाली पाहून 'सेल' हे नाव दिलं. लॅटिन 'सेला' म्हणजे लहानशी खोली. पण बूच मेलेलं, त्याला दिसल्या त्या नुसत्या भिंती. कोशिकेत तोच खोलीचा, पेटीचा अर्थ आहे. पेशीत मांस आहे, जीव आहे. सुश्रुत दुसऱ्या महिन्यातल्या स्त्रीगर्भालाही पेशीच म्हणतो. प्राण्यांच्या पेशीला तर भिंतच नसते, फक्त पातळ पटल. मग खोली कसली? मला विचाराल तर, चुकून का होईना, आपल्या हाती जास्त चांगला शब्द लागला.

गुरुजी_निवृत्त : जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं बोलतो. मुलं तंतुकणिका या शब्दाला फार घाबरतात. वास्तविक तो मायटोकॉन्ड्रियाचा शब्दशः अनुवाद आहे : ग्रीक 'मिटोस' म्हणजे धागा, 'कॉन्ड्रोस' म्हणजे कण. बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने 1898 मध्ये हे नाव दिलं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्या कधी धाग्यासारख्या तर कधी कणांसारख्या दिसतात. अन्नातली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात आणणं हे त्यांचं काम, पण नावात त्याचा मागमूस नाही. लयकारिकेचं उलट : पेशीतला कचरा, जुनी झालेली अंगकं, म्हणजे पेशीतले छोटे भाग, विरघळवून टाकते, म्हणजे लय करते. नावातच काम.

माझी तक्रार दोन शब्दांबद्दल आहे. रिक्तिका, म्हणजे व्हॅक्युओल, पेशीतली द्रवाची पिशवी, आणि केंद्रक, म्हणजे न्यूक्लिअस. वाढलेल्या वनस्पतिपेशीत बहुतेक जागा रिक्तिकेनेच व्यापलेली असते आणि ती रिक्त मुळीच नसते. पाणी, क्षार, शर्करा, कधी रंगद्रव्यं, सगळं तिच्यात. ती भरलेली असते तोवर देठ ताठ राहतो, पाणी कमी झालं की कोथिंबीर मान टाकते. आणि या फुगलेल्या रिक्तिकेमुळे केंद्रक बिचारं कडेला ढकललं जातं! पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकून पाहा, भिंतीला चिकटलेला पिवळसर ठिपका दिसेल. मुलं हमखास विचारतात, "सर, केंद्रक केंद्रात का नाही?"

इंदूरकर : इंग्रजी नाव तरी बरोबर आहे का?

गुरुजी_निवृत्त : न्यूक्लिअस म्हणजे बी, गर. फळात गर मधोमधच हवा असं थोडंच आहे. म्हणून ते बरं म्हणायचं.

चहाबाज : डेंग्यूत "पेशी कमी झाल्या" म्हणतात, त्या कोणत्या?

गुरुजी_निवृत्त : प्लेटलेट्स, म्हणजे बिंबिका. लोक "पांढऱ्या पेशी" म्हणतात ते चूक. पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्या रोगजंतूंशी लढतात. डेंग्यूत त्याही कमी होतात, म्हणून गोंधळ वाढतो. बिंबिका तर पूर्ण पेशीही नव्हेत, अस्थिमज्जेतल्या एका मोठ्या पेशीचे सुटलेले तुकडे, केंद्रकाविना.

इंदूरकर : लेकीला सगळं वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न : हिंदीत मसल सेलला 'पेशी कोशिका' म्हणतात, मराठीत काय म्हणायचं?

कांदेनवमी : स्नायूपेशी. सुश्रुताने ऐकलं असतं तर डोक्याला हात लावला असता.

वऱ्हाडी_ठेचा : आमच्याकडे "उद्या पेशी आहे" म्हटलं की माणूस काळा कोट शोधतो. ती फारसीतली, कोर्टापुढे हजर व्हायची. त्या पेशीत केंद्रक नसतं, नुसती पुढची तारीख असते.