गाठ हाताला लागत नाही – वायर की मॅगसीड? सल्ला हवा

रेवा_नाशिक:
मोठ्या जाऊबाईंना (वय 54) डाव्या स्तनात 11 मिमीची गाठ निघालीय. हाताला लागत नाही, मॅमोग्राफीत दिसली. बायोप्सीत कॅन्सर आला. स्तन ठेवून फक्त गाठ काढायचं ठरलंय. इथले सर्जन म्हणतात, गाठीची जागा दाखवायला सकाळी वायर (बारीक तार) घालू, दुपारी ऑपरेशन. पुतण्याने नेटवर त्याच कामाच्या नव्या खुणांबद्दल, मॅगसीड आणि रडारवालं सॅव्ही स्काउट, वाचलं, आता 'वायर जुनी झाली, मुंबईलाच न्या' म्हणून अडून बसलाय. खर्चाचाही विचार आहेच. माहिती असलेल्यांनी सांगा. 'सकारात्मक राहा' नको, ते रोज ऐकतोय.

लीड्सची_नर्स:
मॅगसीड म्हणजे 5 मिमीचा, तांदळाच्या दाण्याहून लहान स्टीलचा तुकडा. ऑपरेशनच्या काही दिवस आधी सुईने गाठीत सोडतात. ऑपरेशनमध्ये चुंबकीय प्रोब (शोधायची कांडी) जवळ नेला की आकडा वाढतो, आवाज चढतो. सोय मोठी आहे: एक्स-रे विभाग आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) एकाच सकाळी जुळवावे लागत नाहीत, पेशंटला छातीवर तार चिकटवून उपाशी बसावं लागत नाही. पण इथे ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण वायर आणि मॅगसीड दोन्हींत जवळपास सारखंच निघालं. शिवाय सीड आत असताना एमआरआय केला तर तेवढ्या भागाचं चित्र बिघडतं.

चकली_भाजणी:
मला वायर होती. जागा बधिर करतात, दुखलं नाही. गाऊनमध्ये अडकेल या धास्तीने मात्र ताठ बसून होते.

सोनोवाली_पुणे:
रेडिऑलॉजिस्ट आहे. आधी रिपोर्ट बघा, गाठ सोनोग्राफीत दिसते का? दिसत असेल आणि सर्जनचा हात त्यात बसलेला असेल, तर ओटीतच सोनोग्राफी लावून काढता येते. वायरही नको, सीडही नको. नेदरलँड्सच्या 2013च्या चाचणीत, हाताला लागणाऱ्या गाठींतसुद्धा, काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सर राहण्याचं प्रमाण नुसत्या हाताच्या अंदाजाने 17 टक्के होतं, सोनोग्राफीने 3 टक्के. नुसते कॅल्शियमचे ठिपके असतील तर सहसा हा मार्ग बंद, मग वायर किंवा सीड.

पुतण्याला यंत्राचं नाव सोडून हे विचारायला सांगा: काढलेल्या तुकड्याचा एक्स-रे तिथल्या तिथे होतो का? कडांना शाई लावून तपासतात का? आजूबाजूच्या भागात शिरलेल्या (इन्व्हेसिव्ह) कॅन्सरमध्ये शाईला कॅन्सर टेकलेला नसला की 2014पासून ती कड स्वच्छ धरतात. आणि या सर्जनच्या किती पेशंटना पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं? इंग्लंडमध्ये 2012च्या अभ्यासात पाचातल्या एकीला लागलं होतं. उत्तर द्यायला जो सर्जन चिडेल, तो मी तरी निवडणार नाही.

चकली_भाजणी:
आणि स्तन ठेवला की बहुतेकींना रेडिएशन लागतं, बऱ्याचदा तीन आठवडे किंवा जास्त, सुट्टीचे वार सोडून रोज. मुंबईला राहायची सोय आहे का? मला सगळ्यात जड तेच गेलं, वायर नाही.

रेवा_नाशिक:
फाईल काढली. सोनोग्राफीत दिसतेय! सोमवारी सर्जनना सगळे प्रश्न विचारते. रेडिएशनचं आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं. पुतण्या अजून रडारवर आहे.

लीड्सची_नर्स:
जाऊबाईंना खोट्या कानातल्यांनी कान चिघळतात का? बहुधा त्यांतल्या निकेल धातूमुळे तसं होतं, आणि स्काउटमध्येही निकेल असतं, तसं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

रेवा_नाशिक:
चिघळतात की! पुतण्याला आत्ताच फोन लावते.