मदत हवी आहे: 'ॲडोलेसंट'ला वाढीचा अर्थ सांगणारा मराठी शब्द

नमस्कार मंडळी. मी गोव्यात फोंड्याजवळच्या मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. नववीच्या वर्गात 'ॲडोलेसंट' (किशोरवयीन) शब्द आला आणि एका मुलीने विचारलं, "बाई, यात 'ॲडल्ट' लपलाय का?"

लपलाय खरा! लॅटिनमध्ये 'आदोलेस्केरे' म्हणजे वाढणं, मोठं होणं. त्यातून 'आदोलेस्केन्स' म्हणजे वाढत असलेला आणि 'आदुल्तुस' म्हणजे वाढून झालेला. एकाच क्रियापदाची दोन रूपं. मुळाशी 'आलेरे', म्हणजे पोसणं, भरवणं. 'ॲलम्नस' (माजी विद्यार्थी) हाही त्यातलाच, मूळ अर्थ पोसलेलं मूल. शेजारचे आजोबा १९६१ पूर्वी पोर्तुगीजमधून शिकलेले. ते लगेच म्हणाले, "आमकां शाळेंत 'आलुनु' म्हणटाले!" म्हणजे विद्यार्थी. (भेसळीचा 'ॲडल्टरेट' मात्र वेगळ्या मुळाचा, मुलं हमखास गल्लत करतात.)

आता माझी अडचण. 'पौगंडावस्था' म्हटलं की मुलं माना खाली घालतात. 'किशोर' गोड आहे, पण त्यात वाढ ऐकू येत नाही. संस्कृत 'वृध्' धातूपासून 'वर्धमान' आणि 'वृद्ध' अशी अगदी तशीच जोडी मिळते, वाढणारा आणि वाढलेला. पण आपल्याकडे 'वृद्ध' थेट म्हातारपणात जाऊन बसला, मग वर्गात जोडी लावू कशी?

तुमच्या घरी, गावात तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना काय म्हणतात? 'वाढतं वय', 'वयात येणं' याहून नेमका, मुलांना लाज न वाटणारा शब्द आहे का? कोकणी, मालवणी शब्दही चालेल. सोमवारी पुन्हा हाच धडा आहे, त्याआधी कळवाल का?