गेलेनचा 'क्रासिस' आणि आपली 'मिजास'

प्रश्न : प्राचीन ग्रीक वैद्य गेलेन याच्या वैद्यकावरचा मजकूर मराठीत आणताना 'टेम्परामेंट'ला काय म्हणावं? 'स्वभाव' की 'प्रकृती'? आणि चार 'ह्यूमर' (शरीरातले द्रव) म्हणजे आयुर्वेदातले 'दोष' का?

प्रतिसाद १ : 'स्वभाव' नकोच. गेलेनचा (जन्म इ. स. १२९, पर्गामम, आजचं तुर्कस्तानातलं बेर्गामा) मूळ शब्द 'क्रासिस', म्हणजे मिश्रण. उष्ण, शीत, कोरडं, ओलं हे चार गुण शरीरात किंवा एखाद्या अवयवात कसे मिसळलेत, ते क्रासिस. प्रकार नऊ : एक समतोल, चार एकेका गुणाच्या वरचढपणाचे, चार जोडीचे (उष्ण-कोरडं, शीत-ओलं इ.). राग, आळस वगैरे मागाहून येतात. ते मिश्रणाचे परिणाम. ९व्या शतकात बगदादच्या हुनैन इब्न इसहाकने गेलेनचे ग्रंथ सिरियाक आणि अरबीत आणले. अरबीत क्रासिसला 'मिजाज' म्हणतात, तोही 'मिसळणे' याच धातूपासून. आपली 'मिजास' तीच! मात्र मराठीत तिच्यात तोरा शिरला, म्हणून 'यकृताची मिजास' लिहिता येत नाही. 'मिजाज' ठेवा, पहिल्या वेळी 'गुणमिश्रण' असा खुलासा करा.

प्रतिसाद २ : 'प्रकृती'ही टाळा, वाचक थेट आयुर्वेदात जातो. 'दोष'चं तर त्याहून वाईट. ह्यूमर चार : रक्त (उष्ण-ओलं), कफ (शीत-ओलं), पिवळं पित्त (उष्ण-कोरडं), काळं पित्त (शीत-कोरडं). यात वात नाही, आणि काळ्या पित्ताला त्रिदोषांत जोडीदार नाही. 'चार दोष' लिहिलं की वाचक वात शोधत बसणार. 'देहद्रव' पुरे.

प्रश्नकर्ता : 'समतोल' ठरवायचा कशावरून?

प्रतिसाद १ : तळहाताच्या त्वचेवरून. गेलेनच्या मते स्पर्शाचा मध्य तिथे असतो. उकळतं पाणी आणि बर्फ सारख्या प्रमाणात मिसळले की उष्ण-शीताचा मध्य मिळतो, असंही तो सांगतो. हे करून पाहिलं तर फसतं : १०० अंशांचं पाणी आणि तेवढ्याच वजनाचा शून्य अंशाचा बर्फ घेतला, तर बर्फ वितळवण्यातच बरीच उष्णता खर्च होते आणि मिश्रण साधारण १० अंशांवर थांबतं. म्हणजे चांगलंच गार. बर्फाऐवजी बर्फाइतकं थंड पाणी घेतलं तर ५०, म्हणजे चटका.

प्रतिसाद ३ : औषधांच्या तीव्रतेसाठी युनानी परंपरेत (गेलेनचंच वैद्यक पुढे नेणाऱ्या) 'दर्जा', म्हणजे पायरी, हा शब्द येतो, तो जपून वापरा. गेलेनने औषधांचे गुण चार पायऱ्यांत मांडले : पहिलीचा परिणाम इंद्रियांना जाणवत नाही, तर्काने ओळखायचा, दुसरीचा स्पष्ट जाणवतो, तिसरीचा तीव्र, चौथीचा घातक. अफू चौथीतली शीत. 'चौथ्या दर्जाची अफू' लिहिलं तर मराठी वाचकाला वाटेल, माल हलका आहे. 'चौथ्या पायरीवरची शीत' लिहा.